माळ नको, माळावरचं गवत घ्या: बेळगाव भागात गुरं चारायला रान बघणाऱ्यांसाठी

पुण्या-गोव्याची नोकरी सोडून गावाकडं परत आलेली पोरं हल्ली एकच विचारतात, आठ-दहा गुरं घ्यायची आहेत, चारायला माळ लावणीनं कुठं मिळंल आणि एकराला किती पडंल. खानापूर असो, निपाणी असो नाहीतर अथणीकडचा कोरडा भाग असो, प्रश्न तोच. पण एकराचा भाव विचारायच्या आधी दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. आपल्याकडं कायद्यानं माळ लावणीनं घेताच येत नाही, आणि एकर मोजून गुरांचं पोट भरत नाही, त्यावर गवत किती किलो आहे ते मोजावं लागतं. बाकी सगळं ह्या दोन गोष्टींच्या मागनं येतंय, म्हणून त्यांच्यावरच जरा जास्त बोलतो.

आधी कायद्याचं

कर्नाटकात १९६१ चा जमीन सुधारणा कायदा आहे, आणि त्यात १९७४ ला जी दुरुस्ती झाली तिनं १ मार्च १९७४ पासून शेतजमीन कुळानं, खंडानं, लावणीनं, कशानंही द्यायला बंदी आली. मुख्यमंत्री देवराज अरसूंच्या वेळची गोष्ट, कसेल त्याची जमीन म्हणून सात नंबरचा फॉर्म भरून लोकांनी जमिनी आपल्या नावावर करून घेतल्या. आता काहीजण म्हणतात की ते पिकाच्या जमिनीला, चराईला नाही. तसं नाही बरं का. त्याच कायद्यात शेती म्हणजे काय ह्याची व्याख्या दिलीय आणि तिच्यात गवत वाढवणं, दुधाचा धंदा, जनावरांची पैदास आणि चराई ही चारही नावं सरळ घेतलेली आहेत. म्हणजे चराईसाठी माळ भाड्यानं घेतला तरी तो त्याच बंदीत आला. २०२० च्या दुरुस्तीनं शेतकरी नसलेल्यालाही जमीन विकत घ्यायची वाट मोकळी झाली, लावणीची बंदी मात्र उठलेली नाही, ह्या दोन गोष्टींची लोक सारखी गल्लत करतात.

सूट आहे ती सैनिकांना आणि जहाजावरच्या खलाश्यांना. आपल्या भागात हे कामाचं आहे, कारण मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटरच बेळगावात, गावोगाव फौजी घरं आहेत, आणि मालक नोकरीवर सीमेवर नि माळ गावात पडून अशी रानं शोधली तर सापडतात. तसं रान मिळालं तर लेखीच करा आणि वकिलाला दाखवून करा.

बाकीच्यांनी मग काय करायचं? जे गावात पिढ्यान्पिढ्या चालत आलंय तेच, फक्त नीट कागदावर. जमीन घ्यायची नाही, तिच्यावरचं उभं गवत हंगामापुरतं विकत घ्यायचं. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात स्थावर मालमत्तेतनं उभं पीक आणि गवत वगळलेलं आहे, म्हणजे गवत विकलं म्हणून जमिनीवर कुणाचा हक्क बसत नाही. मालकाची खरी भीती तीच असते. कुणाच्या आज्ज्याची चार एकर सात नंबरच्या फॉर्मात गेलेली असतात, आणि तुम्ही दारात उभं राहून "काका, माळ पाच वर्षं लावणीनं द्या की" म्हटलं की काकांचं तोंड तिथंच बंद होतंय. तेच "काका, यंदाचं गवत विकत घेतो, संक्रांतीला रान मोकळं करून देतो" म्हणून बघा, चहा येतो.

चंदगड, कागल, गडहिंग्लजकडच्या लोकांनी एवढं लक्षात ठेवा की पलीकडं महाराष्ट्राचा कुळकायदा वेगळा आहे, तिथं १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासनं कुळं मालक झाली, त्यामुळं धास्ती तिकडच्याही मालकाला आहेच. पण कागद ज्या राज्यातलं रान त्या राज्याच्या कायद्यानंच. चंदगडच्या शिनोळीत चाललेला नमुना उचलून तसाच इकडं बेळगाव तालुक्यात वापरू नका.

मग उतारा बघा, नुसता मालक बघू नका

सर्वे नंबर आणि हिस्सा नंबर विचारून घ्या आणि उतारा काढा. भूमी योजनेत २००० सालापासनं उतारे कॉम्प्युटरवर आलेत, नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या महसूल कचेरीत मिळतोय, ऑनलाईनही दिसतोय. कन्नड वाचता येत नसंल तर वाचणारा शेजारी बसवून घ्या, लाजू नका, आपल्यातल्या निम्म्या लोकांचं असंच चाललंय.

उताऱ्यात मालकाचं नाव तर बघालच, पण किती नावं आहेत ते मोजा. चार भाऊ, दोन बहिणी, त्यातला एक मुंबईला, एक बहीण हुक्केरीला दिलेली, आणि गवत विकतोय तो एकटा धाकटा. असल्या सौद्यात गवत ऐन रंगात आलं की थोरला भाऊ येऊन उभा राहतो. सगळ्यांच्या सह्या नाहीतर निदान फोनवरनं होकार, आणि पैसे देताना कुणाच्या हातात दिले ते लिहून. ऋणाच्या रकान्यात सोसायटीचं, बँकेचं कर्ज दिसलं तर घाबरायचं कारण नाही, गवताला त्यानं फारसं काय होत नाही, पण कोर्टाचा मनाई हुकूम दिसला तर सरळ दुसरं रान बघा.

खराबा किती आहे तेही बघा. अ खराब म्हणजे खडक, कातळ, पिकायला नालायक, आणि ब खराब म्हणजे रस्ता, नाला, सार्वजनिक वापराचं. दहा एकर म्हणून दाखवलेल्या माळात दोन एकर कातळ निघाला तर भाव आठ एकराचाच.

आता काही रानं अशी आहेत की कुणी फुकट दिली तरी पैशाचा व्यवहार करू नये. सरकारी गोमाळ, आपण गायरान म्हणतो ते, हे महसूल कायद्याखाली त्या गावच्या गुरांना फुकट चरायला राखून ठेवलेलं असतं. नियमात शंभर गुरांमागं १२ हेक्टर असं प्रमाण दिलंय, प्रत्यक्षात किती गावात तेवढं उरलंय ते सोडा. गावचे रहिवासी असाल तर तुमची गुरं तिथं चरू शकतात, बाहेरगावचा कळप आणून घालता येत नाही, आणि "हा तुकडा माझा, मला पैसे द्या" म्हणणारा कुणीही असो, मालक नव्हे. सरकारी जमिनीतली कसवणूक नावावर करून घ्यायचा फॉर्म ५०, ५३ किंवा ५७ भरलाय, अर्ज पडलाय, असं सांगतील. अर्ज म्हणजे हक्क नाही. सुप्रीम कोर्टानं २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सगळ्या राज्यांना सांगितलंय, तवा आज ना उद्या नोटीस यायचीच, आणि त्या वेळी तुमचं आगाऊ दिलेलं पैसं कुणी परत देत नाही.

दुसरं, सरकारनं अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली जमीन. १९७८ च्या कायद्यानं तिच्या हस्तांतरणाला बंधन आहे आणि त्या हस्तांतरणात भाडेपट्टाही धरलाय. तिथला व्यवहार वकिलाशिवाय करूच नका, त्या कुटुंबाचंही नुकसान आणि तुमचंही.

तिसरं जंगल. जांबोटी-कणकुंबी-हेमाडगा भागात माळ कुठं संपतो नि फॉरेस्ट कुठं चालू होतंय ते डोळ्याला कळत नाही. भीमगड अभयारण्य २०११ ला जाहीर झालं, तिथं आत गुरं घालायची नाहीत. मालकाबरोबर रानाच्या चारी कडा पायानं फिरा, फॉरेस्टचे दगड बघा, मोबाईलवर पिन टाकून ठेवा.

आता खरं काम: गवत मोजा

हे कुणी करत नाही. बांधावर उभं राहून, हात कमरेवर ठेवून, "बरंच आहे की गवत" एवढंच म्हणतात. मोजायला अर्धा दिवस जातो आणि वर्षभराचं भांडण वाचतं.

एक मीटर लांब एक मीटर रुंद अशी चौकट करा, बांबूची नाहीतर पीव्हीसी पाईपची. रानात आठ-दहा ठिकाणी टाका, पण जिथं चांगलं दिसतंय तिथंच नको, चालत चालत डोळे मिटून मागं फेकलात तरी चालंल, पडंल तिथलं खरं. चौकटीतलं गवत चार बोटं ठेवून वरचं कापा, टंटणी, रानमोडी, काँग्रेस असलं गुरं खात नाहीत ते बाजूला काढा, पोत्यात घाला, घरी आणून चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा आणि वजन करा. सगळ्या चौकटींची सरासरी काढा. एकरात ४०४७ चौरस मीटर असतात, म्हणून हिशेब एकदम सोपा आहे, चौकटीतले जितके ग्रॅम त्याला चारनं गुणलं की एकराचे किलो आले.

समजा सरासरी २०० ग्रॅम आलं. म्हणजे एकराला ८०० किलो सुकं गवत. ह्यातलं अर्धंच तुमचं, अर्धं रानाचं, कारण बुडख्याजवळचं गवत खरवडून खाऊ दिलं तर पुढच्या पावसाला मुळात ताकद राहत नाही आणि वर काही भाग खुरानं तुडवून, शेण पडून जातोच. उरलं ४०० किलो. गुरू आपल्या वजनाच्या अडीच टक्क्याच्या आसपास सुका चारा खातंय, म्हणजे तीन-सव्वातीनशे किलोच्या गाईला दिवसाला आठ किलो धरा. ४०० भागिले ८, पन्नास दिवस. म्हणजे ह्या रानाचा एक एकर एका गाईला पन्नास दिवस पुरतो. दहा एकर घेतलात तर पाच गाई शंभर दिवस. आणि तेच मुरमाड माळ असंल, चौकटीत ८० ग्रॅम आलं, तर एकराला एका गाईचे वीसच दिवस. बाहेरनं बघताना दोन्ही माळ हिरवेच दिसतात.

मोजायची वेळ महत्त्वाची. गणपतीनंतर ते दसऱ्यापर्यंत गवत भरात असतं, तवाच मोजलं तर खरा आकडा येतो. जुलैत मोजून उपयोग नाही. आणि मिरगाच्या आधीच सौदा ठरवायचा असंल, म्हणजे पावसाळी चराईसाठी, तर रानात गवत नसतंयच, तवा मागच्या वर्षीची बुडखी बघा, दाट आहेत का विरळ, मधी उघडी माती किती, पाणी वाहून चर पडलेत का. शेजारच्या रानाच्या गुराख्याला विचारा, मालकापेक्षा त्याला जास्त माहिती असते आणि तो खोटं सांगायचं कारण नाही.

पावसाचा फरक पण ध्यानात घ्या. अथणीत वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कणकुंबीत त्याच्या कैकपट, जिल्हा एकच. पण म्हणून कणकुंबीचं गवत भारी असं समजू नका. पश्चिमेच्या जांभ्या मातीत गवत कंबरेएवढं वाढतं आणि दसऱ्यानंतर काडी होतं, पोट भरतंय पण अंगाला लागत नाही. पूर्वेच्या काळ्या रानाच्या बांधावरचं गुडघ्याएवढं मारवेल त्याच्यापेक्षा परवडलं. उंचीवर भाव ठरवू नका.

गवत ओळखा

मारवेल, पवना, अंजन आणि डोंगरी गवत ही नावं असलेला माळ चांगला. हरळी असंल तर पावसात गुरं आवडीनं खातात. कुसळी गवताचा माळ वाईट नाही, कोवळं असताना गुरं खातात, पण ऑक्टोबरनंतर कुसळं धरली की तोंडात, डोळ्यात, मेंढराच्या लोकरीत रुततात, म्हणून कुसळीचा माळ घ्यायचा तर कुसळ धरायच्या आत चारून किंवा कापून मोकळं व्हायचं, आणि भाव तेवढा पाडून मागायचा.

टंटणी म्हणजे घाणेरी किती आहे ते नीट बघा. गुरं आपणहून तिला तोंड लावत नाहीत, पण गवत संपलं आणि पोटात आग पडली की खातात, मग लिव्हर जातं, डोळे पिवळे होतात, उन्हात नाकाची नि कानाची कातडी सोलते. नवीन आणलेली, बाहेरगावची गुरं जास्त फसतात. रानात टंटणीचं रान माजलं असंल तर मालकाशी आधीच बोला, तुम्ही उपटून देता, त्यानं भाव कमी करावा, दोघांचं भलं.

ज्वारीच्या भागात असाल तर कापलेल्या ज्वारीच्या खोडांना जो कोवळा फुटवा येतो त्यावर गुरं सोडू नका. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असतं, किरळ लागली म्हणतात ती हीच, गुरू तासाभरात आडवं होतंय.

आणि एक स्पष्टच सांगतो, माळ हा एचएफ म्हणजे होल्स्टीन जातीच्या जास्त दुधाच्या गाईसाठी नाही. पंधरा लिटरची गाय डोंगरावर फिरवून दूध मिळायचं नाही, तिची चालण्यातच ताकद जाते. माळ घ्यायचा तो देशी गाई, कालवडी, रेड्या, भाकड म्हशी आणि बैलांसाठी. दुभत्या जनावरांना घरचं हिरवं, माळ बाकीच्यांना, अशी वाटणी केली तर हिशेब बसतो.

भाव आणि कागद

गावात एकराचा भाव "चालतो" तो देऊ नका, आपला भाव आपण काढा. तुमच्या भागात सुकी वैरण घरपोच किलोला काय पडते ते बघा. समजा चार रुपये पडते. मग वरच्या हिशेबातलं ४०० किलो म्हणजे एकराला १६०० रुपयांचा चारा झाला. पण घरपोच वैरण आणि माळावरचं गवत ह्यात राखणीचा पगार, रोजची चाल, कुंपण, पावसाची जोखीम सगळं आपल्यावर, म्हणून त्याच्या निम्म्याच्या आत सौदा तुटला पाहिजे. मालक जास्त मागत असंल तर वाद घालू नका, चौकटीचा हिशेब कागदावर मांडून दाखवा, शेतकऱ्याला वजनाची भाषा कळते.

पैसे एकदम देऊ नका, निम्मे गुरं घालताना आणि निम्मे दिवाळीला.

शेणाचं बोलणं लोक विसरतात आणि तिथंच सौदा हलका होऊ शकतो. मालकाचं भाताचं रान जवळ असंल तर कापणी झाल्यावर गुरं रात्री तिथं बसवायची, शेण-मूत त्याच्या रानात, बदल्यात गवताचा भाव कमी. धनगर मेंढरं बसवतात त्याचे शेतकरी उलट पैसे किंवा धान्य देतो, मग तुमच्या गुरांचं शेण फुकट का जावं.

कागद साधा असू दे, ई-स्टॅम्पवर, दोन साक्षीदार. मथळ्यात "उभ्या गवताची विक्री" असं, भाडेपट्टा, लावणी, खंड हे शब्द नकोत. आणि नुसते शब्द बदलून भागत नाही बरं, आत गोष्ट पण तीच पाहिजे: सर्वे नंबर, अंदाजे क्षेत्र, कुठल्या तारखेपासनं कुठल्या तारखेपर्यंत, किती गुरं, किती पैसे. जमिनीचा ताबा मालकाकडंच आहे, आपल्याला गवत न्यायला नि चारायला आत यायची परवानगी आहे, नांगरायचं नाही, शेड बांधायचं नाही, बोअर मारायची नाही. झाडं, काजू, आंबा, फणस, लाकूड मालकाचं. पाणी कुठलं वापरायचं. वणवा लागला, पाऊस पडलाच नाही तर पैशाचं काय. मराठीत लिहा खुशाल, पण उद्या तहसीलला दाखवायची वेळ आली तर कन्नड लागतंय, म्हणून दोन्हीत केलेलं बरं. दर हंगामाला मोबाईल ॲपवरनं पिकाची पाहणी होते तवा त्या रानावर तुमचं नाव लावून घ्यायच्या भानगडीत पडू नका, पुढच्या वर्षी त्या गावात तुम्हाला कुणी गवत देणार नाही.

तीन-चार वर्षांचा कागद एकदम मागू नका. दरवर्षी नवा कागद, दरवर्षी वेळेवर रान मोकळं, मग मालक आपणच फोन करतो.

पाणी, कुंपण, राखण

पाणी नसलेला माळ फुकट मिळाला तरी महाग. गाईला दिवसाला चाळीस ते साठ लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि पाण्यासाठी किलोमीटरभर खाली उतरून परत चढायचं तर खाल्लेलं तिथंच जिरतं. ओढा जानेवारीत आटतो का ते विचारा. सावलीला दोन-चार मोठी झाडं पाहिजेत, मिठाची वीट टांगून ठेवा.

पूर्ण रानाला तारेचं कुंपण एका हंगामासाठी परवडत नाही. रस्त्याच्या आणि पिकाच्या बाजूला घाला, बाकी घायपात, करवंदाच्या जाळ्या, दगडी बांध असतातच. सोलर झटक्याचं मशीन चांगलं, हलवता पण येतं. पण लाईनच्या खांबावरनं डायरेक्ट करंट तारेत सोडायचा विचार डोक्यात पण आणू नका, माणसं मेलीत त्यानं आणि तो सरळ गुन्हा आहे.

गुराखी चांगला मिळाला तर अर्धं काम झालं. एकट्याला परवडत नसंल तर तीन-चार घरांनी मिळून पाळीनं राखा. गुरं ऊसात शिरली की पहिल्यांदा शिव्या, दुसऱ्यांदा कोंडवाडा, आणि तिसऱ्यांदा शेजाऱ्याशी कायमचं वाकडं. पहिल्यांदाच जाऊन नुकसान भरून द्या.

खानापूरच्या पट्ट्यात बिबट्या आहे, वाघही फिरतो, गव्यांचा कळप तर गवताला तुमच्यासारखाच भागीदार. अंधार पडायच्या आत गुरं घरी. जनावर मारलं गेलं तर ओढून दुसरीकडं नेऊ नका, तसंच ठेवून फॉरेस्टला कळवा, फोटो काढा, पंचनामा आणि डॉक्टरचा दाखला असल्याशिवाय भरपाई हलत नाही.

चारायचं कसं

रानाचे निदान चार भाग करा, पाच असले तर उत्तम. सगळ्या रानात गुरं एकदम मोकळी सोडली की ती चांगलं गवत शोधून तेच पुन्हा पुन्हा खातात, नकोसं तसंच राहतं, आणि दोन वर्षांत माळावर नकोसंच उरतं. एका भागात आठ-दहा दिवस, मग पुढं, आणि चारलेल्या भागाला पावसाळ्यात निदान महिनाभर विसावा. दिवस मोजत बसण्यापेक्षा गवत बघा, चार बोटं उरलं की गुरं हलवायची.

पाऊस चालू झाला की पहिला महिना-सव्वा महिना माळाला हात लावू नका. हिरवं दिसलं की जीव राहत नाही, कळतंय, पण ते कोवळं गवत नुसतं पाणी असतंय, गुरं ढाळतात, आणि ओल्या मातीत खुरानं बुडखं उपटून निघतं. तेवढे दिवस घरी पिंजार-कडबा पुरवायचा. हे जून-जुलैचं वैरणीचं गणित उन्हाळ्यातच करून ठेवावं लागतं, बहुतेक नवीन माणसं इथंच अडकतात आणि जूनमध्ये दुप्पट भावानं वैरण घेतात.

मालकाशी दोन-तीन वर्षं जमलं तर त्याच्या परवानगीनं पहिल्या पावसात स्टायलोचं बी विस्कटा, एकराला दोन-तीन किलो. बी कठीण कवचाचं असतं, कडकडीत गरम पण उकळतं नव्हे अशा पाण्यात तीन-चार मिनिटं बुडवून मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. स्टायलो कडधान्याच्या जातीचा, मातीत नत्र घालतो आणि सुक्या गवताला थोडी ताकद येते. बी-बियाण्याची आणि गवताच्या जातींची खात्रीची माहिती पाहिजे तर झाशीच्या चारा संशोधन संस्थेचं केंद्र धारवाडलाच आहे, जवळ आहे, जाऊन बघून या.

रोगराई

माळावर चार घरची गुरं एकत्र येतात तवा एकाचा रोग सगळ्यांना. कर्नाटकी बेंदराच्या आधी घटसर्प आणि फऱ्याची लस झालीच पाहिजे. लाळ्या-खुरकूतची दर सहा महिन्याला सरकारी फेरी येते, ती चुकवू नका, आणि लम्पी २०२२ ला काय करून गेली ते सगळ्यांनी बघितलंय. माळ घेताना शेजारी कुणाची गुरं चरतात, त्यांना लसी आहेत का, हे विचारायला संकोच नको. पाणथळ जागा, जिथं गोगलगायी दिसतात, तिथलं गवत गुरांना खाऊ देऊ नका, लिव्हरात पर्णकृमी होतात आणि जनावर खाऊनपिऊन वाळत जातं. जंगलाकडेच्या रानात गोचिडाचं औषध वेळेवर. पलीकडं सत्तरी आणि दोडामार्गात माकडताप होऊन गेलाय, तो गोचिडानंच पसरतो, तवा मेलेलं माकड दिसलं तर त्या बाजूला गुरंही नको नि माणूसही नको, आरोग्य खात्याला कळवा.

कोल्हापूर, सांगलीकडनं गुरं विकत आणणार असाल तर कानातला बारा आकडी बिल्ला, बाजाराची पावती आणि डॉक्टरचा दाखला बरोबर ठेवा. कर्नाटकात २०२१ पासनं गोहत्या बंदीचा नवा कायदा लागू आहे, वाटेत गाडी अडवतात, कागद नसले की रात्र स्टेशनला जाते, गुरं पाळायला नेताय हे तोंडानं सांगून भागत नाही.

हस्तानंतर

फुलोरा आला आणि बी पिकायच्या आत गवत कापलं तर त्यात कस असतो. आपल्याकडं दिवाळी, तुळशीचं लग्न करत करत कापणी डिसेंबरात जाते आणि मग गंजीत नुसत्या काड्या. जेवढं चारून संपणार नाही तेवढं वेळेत कापा, नीट वाळवा, ओलं रचलं तर बुरशी येते.

कापणी झाली की रानाच्या कडेनं दहा-बारा फुटाची पट्टी साफ करून जाळपट्टा घ्या, वारा नसताना, सकाळच्या दवात, चार माणसं आणि पाण्याची कॅनं बरोबर घेऊन. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागला की मालकाची काजूची झाडं जातात आणि नाव तुमचं होतं. नवीन गवत चांगलं येतंय म्हणून मुद्दाम माळ पेटवायची जुनी खोड आहे काही ठिकाणी, ती करू नका, जमिनीवरचा पालापाचोळा आणि बी सगळं जळतं, पहिल्या पावसात माती ओढ्यात.

उन्हाळ्यात माळावर फक्त फिरायला पाठवायचं, पोटाला घरचं. ऊसतोड चालू असताना वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्त मिळतं म्हणून नुसत्या वाड्यावर गुरं ठेवतात, त्यात ऑक्झलेट असतं, अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं, गाभण जनावराला तर लै त्रास. वाड्यात निम्मी दुसरी वैरण मिसळा आणि मिनरल मिक्स्चर द्या.

ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस आधीच रान मोकळं करा. तुटलेली तार, प्लॅस्टिकचं पोतं, मिठाच्या विटेची दोरी, सगळं उचला, बांधाचा दगड पडला असंल तर रचून द्या. मग मालकाला रानात घेऊन जा, फिरवून दाखवा, काही पैसे राहिले असतील तर तिथंच द्या आणि कागदावर "गवताचा हिशेब पूर्ण, रान मोकळं मिळालं" एवढी ओळ लिहून दोघांनी सही करा. एक प्रत त्याच्याकडं, एक तुमच्याकडं. पुढच्या वर्षीचं बोलणं त्या दिवशी काढू नका, चौकटीचे आकडे वहीत ठेवा आणि दसऱ्याच्या आधी परत जा.